बाजेखालचा ओवा

नातसुनेच्या बाजेखाली निखाऱ्यांवर ओवा पडला, की मी उठून ओसरीत जाते.

निजामाचं राज्य होतं. बाळापूरकडच्या आमच्या गावात माझं पहिलं लेकरू जन्मताच गेलं. तरी दुसऱ्या दिवशी सुईण गयामाय शेगडी घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, "लेकरूच न्हाई, मग शेक काहून?"

"बाळंतीण तर हाय ना," म्हणत तिनं माझं अंग चोळलं, दाटलेलं दूध पिळून लिंबाच्या बुडाशी ओतलं.

रडलं तर पुढचं लेकरूही टिकत नाही, म्हणून सासूबाईंनी मला रडू दिलं नव्हतं. त्या खोलीत आल्या, की गयामाय मूठभर ओवा निखाऱ्यांवर टाकायची. खोली धुरानं भरायची. मला तिचा राग यायचा.

त्या धुरात माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारत नव्हतं, हे कळेपर्यंत गयामाय राहिली नव्हती.