अर्धपोटी पिल्लं

आमची थोरली सशांची शेड चालवते. लहानपणी शेजारचं मांजर आजारी पडलं तरी ही जेवायची नाही. आता तीच मुलगी भुकेल्या पिल्लांसमोर खाद्याची बादली घेऊन उभी राहते आणि हात आखडता घेते.

तिचाही नाइलाज होता. आधीच्या दोन खेपांना आईपासून तोडलेली पिल्लं बकाबका खाऊन, पोट फुगून, जुलाब होऊन गेली. तिसरी खेपही गेली तर शेडला कुलूप लावायचं, असं तिने ठरवलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दूध तुटल्यावर काही आठवडे खाद्य थोडं कमीच द्या. सुकं गवत मात्र हवं तेवढं.

"अगं, मग वाढतील कशी?" मी विचारलं.

"हळू वाढतील, आई. पण राहतील तरी!"

तिच्या मदतीला तिचे बाबा. ह्यांचा जन्म वसतिगृहाच्या खानावळीत वाढपी म्हणून गेला. पोरगं अर्धपोटी उठलं तर ह्यांनाच घास गोड लागायचा नाही.

एका सकाळी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याखाली पातळ घाण दिसली. बाकी सगळीकडे लेंड्या कोरड्या.

"बाबा, इथे कोणी जास्त घातलं?"

"मूठभरच गं. फार बघत होती माझ्याकडे."

"बाबा, त्यांचे डोळे दोन्ही बाजूंना असतात. ती सगळ्यांकडेच बघतात!"

ती हसली, पण चेहरा उतरला होता. त्या पिंजऱ्याचं खाद्य काढून तिने फक्त गवत आणि पाणी ठेवलं. घरी जेवायला आलीच नाही. मी डबा नेला, तो तसाच परत आला. ह्यांनी त्या दिवसापासून बादलीला हात लावला नाही.

एक पिल्लू गेलं. बाकीची हळूहळू सावरली. पुढे खाद्य पूर्ववत केल्यावर सगळीच अशी भराभर अंगाला लागली की विक्रीच्या वेळी नेहमीच्या वजनापेक्षा जेमतेम फरक. मुख्य म्हणजे पिंजरे भरलेले होते.

पिल्लांना पुन्हा पोटभर वाढायच्या पहिल्या दिवशी थोरलीने खाद्याचं माप ह्यांच्या हातात दिलं. "घ्या, वाढपी तुम्हीच."

ह्यांनी माप भरलं, वरचं बोटाने निपटून सारखं केलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, मगच ओतलं.

त्या दिवशी ती घरी जेवायला आली आणि कुणी न सांगता तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.