अक्कांचं नाक

अक्का एका मोठ्या कचेरीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायच्या, आणि त्यांचा सगळा कारभार नाकावर चालायचा. कांदा नीट परतला की नाही, हे त्या शेगडीकडे पाठ करूनही सांगत. दूध नासायच्या बेतात असलं तरी त्यांना आधी कळे. कुणी म्हणालं, "अक्का, तुमच्या हाताला चव आहे," तर त्या म्हणायच्या, "हाताला कसली? नाकाला आहे."

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला त्यांना सणसणून ताप आला. ताप उतरला, सर्दीही गेली, पण जाताना वास घेऊन गेली. मीठ-साखर जिभेला कळायची, पण डोळे मिटून खाल्लं तर कांदा काय नि सफरचंद काय, सगळं सारखंच. येईल आपोआप, म्हणत अक्कांनी दिवस ढकलले. कुणाला सांगितलं मात्र नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा. नाक गेलेली स्वयंपाकीण कोण ठेवणार?

मग एका सकाळी भांडी घासणारी मावशी मोरीतून ओरडतच आली. "अक्का, गॅस! अहो गॅस सुटलाय!"

अक्का त्याच शेगडीसमोर उभ्या होत्या, हातात काडेपेटी धरून. काडी ओढायचीच बाकी होती.

मावशीने धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. कुणाला काही झालं नाही. "सर्दी झालीये गं," एवढंच अक्का म्हणाल्या. पण त्या दिवसापासून शेगडी पेटवण्याआधी त्या बटणं तीन-तीनदा तपासायला लागल्या. हे काम आता सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

त्यांची धाकटी नणंद ब्युटी पार्लर चालवायची. पार्लरला रंग द्यायचा होता म्हणून ते बंद होतं. ती भावाला म्हणाली, "दादा, वहिनीचा चेहरा बघ. पायपुसणं धुऊन वाळत घातल्यासारखा झालाय. चला, दोन दिवस डोंगरावर जाऊ. तिकडे सगळा कॉफीचा मुलूख आहे, हवाही छान आहे." अक्कांनी आढेवेढे घेतले, पण नणंद ऐकते कसली!

घाटातल्या वळणांनी नणंदेच्या पोटात ढवळलं आणि संपूर्ण वाटभर ती गप्प बसली. हे त्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

उतरायची जागा एका कॉफीच्या मळ्यातच होती. उतरत्या पत्र्याचं घर, पुढे लाकडी ओसरी आणि समोर उतारावर दाट हिरवी झुडपं. मालकीणबाईंनी वाफाळती किटली आणि कप आणून ठेवले. नणंदेने अक्कांचा कप भरून हातात दिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून अक्कांनी कपात न बघताच वाफेवर नाक धरलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा! काय घमघमाट आहे कॉफीचा!"

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "ते नुसतं गरम पाणी आहे. मळमळतंय म्हणून मी मागवलं होतं, तुलाही दिलं. कॉफी यायचीय अजून."

अक्कांनी कप खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि ढसाढसा रडल्या. ताप, कांदा, काडेपेटी, सगळं सांगून टाकलं.

नवरा ओसरीचा कठडा खरवडायला लागला. मग म्हणाला, "तरीच. महिनाभर घरात भाजी करपतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बोललो तर उद्यापासून मलाच करायला लावशील."

अक्कांना रडता रडता हसू फुटलं. मग त्याने कठडा सोडला आणि अक्कांचा हात धरला. "अगं, काडी ओढली असतीस तर? निदान मला तरी सांगायचंस." अक्कांच्या उरावरचा धोंडा उतरला होता, आणि त्या रात्री किती तरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी मळ्याचे मुकादम त्यांना फिरवायला घेऊन गेले. झुडपांवर लालभडक फळं लगडली होती, बायका ती खुडून टोपल्यांत टाकत होत्या. पुढे एका शेडमध्ये यंत्र फळं सोलून बिया वेगळ्या करत होतं, आणि शेडमागे ओल्या सालींचा मोठा ढीग कुजत पडला होता. तिथे पोचताच नणंदेने ओढणी तोंडावर दाबली. नवऱ्याने रुमाल काढला. अक्का तेवढ्या शांतपणे ढिगाजवळ जाऊन बघत उभ्या राहिल्या.

"बाई भलत्याच कणखर दिसतात," मुकादम म्हणाले.

अक्का वळणार इतक्यात घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी आंबट टोचलं. त्या थबकल्या. श्वास घेतला. पुन्हा घेतला. विसरून राहिलेला डबा आठवड्याने उघडावा तसा, आंबूस, कुजकट भपकारा.

"अहो, घाण येतेय!" त्या ओरडल्या. "किती घाण येतेय!"

मुकादम ओशाळले. "बाई, सालींचा वास जरा उग्रच असतो, माफ करा, आपण तिकडून—"

"नको, नको! थांबा जरा!" अक्का ढिगावर वाकून छाती भरभरून हुंगत होत्या, आणि नणंद ओढणीआडून "दादा, वास आला रे, वहिनीला वास आला!" म्हणत नाचत होती. मुकादमांना बिचाऱ्यांना काही कळेना.

परत आल्यावर अक्का डॉक्टरांकडे गेल्या. वास असाच तुकड्या-तुकड्यांनी परततो, धीर धरा, असं ते म्हणाले. तसंच झालं. मध्यंतरी काही दिवस कांद्याला रबराचा वास यायचा, साबणाला तर काहीच नाही. अक्कांनी कॅन्टीनच्या व्यवस्थापकांना खरं काय ते सांगितलं. काम जाईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "एवढंच ना? मग शेगडी मावशी पेटवतील, तुम्ही सांगा कसं करायचं ते." भिंतीवर गॅस सुटला की केकाटणारं एक यंत्रही बसवलं.

उन्हाळा लागला तेव्हा अक्कांनी एके दिवशी मावशीच्या हातून काडेपेटी घेतली. शेगडीजवळ नाक नेऊन एकदा हुंगलं, "हो बाजूला," म्हणाल्या, आणि शेगडी स्वतः पेटवली.