आडवं फावडं

त्या वर्षी गावचं पाणी वाटायची पाळी कुन्झेसच्या घराकडे आली. नवरा लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवत होता, म्हणून फावडं तिच्या हातात आलं. लडाखात अशा माणसाला छुरपोन म्हणतात. ओढ्याचं पाणी कोणाच्या जवाच्या शेताला कधी सोडायचं, ते छुरपोनने ठरवायचं. त्याने पाटाच्या तोंडावर फावडं आडवं टाकलं की उचलायचं त्यानेच, दुसऱ्या कोणी ओलांडलं तर झऱ्याचे नाग कोपतात. एरवी शेजाऱ्याचा बांध हळूच कोरणारी माणसंसुद्धा त्या फावड्यापाशी निमूट थांबतात.

पहिल्या काही दिवसांतच दोन जावांनी पाळीवरून तिला असं फैलावर घेतलं, की ती रडत मेमे लुनडुपकडे गेली. मेमे म्हणजे आजोबा. हा सख्खा नव्हे. गोम्पातला, म्हणजे मठातला, म्हातारा भिक्षू, गुडघे गेलेला, जीभ मात्र शाबूत. त्याने तिला रोज पहाटे ओढ्याकाठी बसायला लावलं. आधी श्वास बघायचा, मग मनात कोण आलंय ते बघायचं.

"राग येईल, भीती येईल, आणि लोकांनी शहाणी म्हणावं ही हाव येईल," तो म्हणाला. "हाकलू नकोस. नुसती ओळख ठेव. पाणी निवळेपर्यंत थांबायचं. पण तळ दिसला की थांबायचं नाही, पोरी. बसायची चटक लागलेले ढीगभर पाहिलेत मी."

ती बसू लागली. हळूहळू तिचा शब्द गावात चालू लागला, आणि त्या जावाही तिला चहाला बोलवू लागल्या, म्हणजे बघा.

जुलैतली दुपार होती. बर्फ वितळून ओढा सगळ्यात माजतो ती वेळ, आणि ओढा थांबला. आधी आटला, मग दगडांतून थोडा पाझरला, मग काहीच नाही. ओढ्यावर पाण्याने फिरणारं एक मणिचक्र, म्हणजे प्रार्थनेचं चाक, होतं. त्याची घंटा कुन्झेसने जन्मल्यापासून रात्रंदिवस ऐकली होती, इतकी की ती ऐकू येते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ती बंद पडली आणि घराघरांतून माणसं बाहेर आली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. ओले दगड उन्हात वाळत होते. वरून गार चिखलाचा वास येत होता. कावळे गोम्पाच्या कड्यावर ओळीने बसले होते, आणि ओरडत नव्हते.

गावाने लगेच कारण शोधलं: कोणीतरी झऱ्यात भांडी धुतली, नाग रुसले. नागांची घुमटी ओढ्याच्या वळणावर, अगदी पात्रालगत. मेमेला पूजेसाठी गाढवावर बसवून आधीच खाली पोचवलं होतं. पाठोपाठ दूध, धूप आणि कडेवर पोरं घेऊन सगळं गाव निघालं.

कुन्झेस वरच्या पाटाकडून धावत आली ती खडकांमधल्या अरुंद वाटेवर त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. वर दरड कोसळून पाणी अडलंय, ते साठतंय, सगळे वरच्या खळ्यावर चला, असं तिने सांगितलं. गावाचा मुखिया पुंचोक हसला. म्हणाला, मेमे कौल लावेल, तो सांगेल तसं करू.

"मेमे खाली आहे, अचो," ती म्हणाली, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"म्हणून तर खाली चाललोय. आणि तू गं? रोज डोळे मिटून बसतेस ती हीच का शांती?"

तिने आत पाहिलं. पुंचोकवरचा राग होता. पोटात भीती होती. आणि कोपऱ्यात ती हावही होती: आपलं खरं ठरलं तर? तिघांपैकी कोणीही गेलं नव्हतं. पण त्यांच्या खाली तळ स्वच्छ दिसत होता.

तिने फावडं वाटेवर आडवं टाकलं.

"हा पाट नाही," पुंचोक म्हणाला.

"पाणी जाईल तो पाट."

कोणी पाऊल उचललं नाही. पुंचोकला पहिल्यांदा आठवलं, की म्हातारा खाली एकटा आहे. मी घेऊन येतो, म्हणत तो पुढे झाला. कुन्झेसला ते किती हवं होतं! पण एकजण ओलांडला की फावड्याचं लाकूड झालं असतं, मागून दूध घेतलेल्या बायका निघाल्या असत्या. तिला स्वतःलाही जाता येत नव्हतं.

"ओलांडायचं नाही," ती म्हणाली.

मग काहीच झालं नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. सावल्या सरकल्या, कोणाचं तरी मूल झोपून गेलं, आणि पाणी आलं नाही. ओढा गप्प असल्यामुळे मेमेचा जप खालून शब्दन् शब्द वर ऐकू येत होता, कानाशी बसून म्हणावा तसा. एकदा त्याने वर पाहिलं. त्याला माणसं दिसली असतील, फावडंही. तो उठला नाही. उठणार कसा? त्याने गाढवाला एक थाप मारली, आणि गाढव एकटंच चढून आलं. फावड्यापाशी थबकलं. कोणी हसलं नाही.

एवढ्या वेळात म्हाताऱ्याला आणून चहा पाजून झाला असता. हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कुन्झेस ते वाचत उभी राहिली.

आधी जमीन थरथरली. मग वारा आला, धुळीचा. मग वळणावर काळी भिंत दिसली, आणि घुमटी, चक्र, मेमे, खालची शेतं, सगळं एका दमात गेलं. लोक खळ्याकडे पळाले. जप मध्येच तुटला, तो कुठल्या शब्दावर, ते तिला माहीत आहे.

गावाने तिला डोक्यावर घेतलं. तिला त्या कौतुकाची शिसारी आली. पुढल्या वर्षी पाळी पुंचोकच्या घराची होती, तर तो फावडं घेऊन तिच्या दारात आला, उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. तिने ते घेतलं.

आता ओढा पुन्हा गर्जतो. त्यात खालचं काही वर ऐकू येणं शक्य नाही. तरी पाटावर फावडं आडवं टाकलं की ती वाकून कान देते, आणि तुटलेल्या जपाचा पुढचा शब्द येईपर्यंत ते उचलत नाही.