गिनीपिगचं अभ्यंगस्नान

लेकीला खरं तर मुंगसासारखा दिसणारा फेरेट हवा होता. सिंगापुरात तो पाळायला बंदी आहे हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की त्या भरात मी गिनीपिगला हो म्हणून बसलो.

दिवाळीच्या सकाळी बायको शेजाऱ्यांकडे फराळ द्यायला गेली होती. "चिखलासारखा वास येतो," म्हणून लेक उटणं न लावताच आंघोळ उरकून पुन्हा झोपली होती. वाटीत कोमट तेल उरलं होतं, भिजवलेलं उटणंही. गिनीपिगच्या लांब केसांचा गवत अडकून गुंता झाला होता. अशा वेळी शहाणा माणूस कंगवा घेतो. मी वाटी घेतली.

तेल लावताना तो अजिबात हलला नाही. त्याला आवडतंय, असं मला वाटलं. तो भीतीनं थिजला होता. मग उटणं चोळलं, पाणी ओतलं. तेल निघेना, आणि उटण्याचा केसांत गिलावा झाला. म्हणून शाम्पू, म्हणून आणखी पाणी. किंचाळणारा प्राणी अचानक गप्प झाला. टॉवेलात घेतला तर मान लुळी, कान बर्फासारखे.

बायको आली ती वास हुंगतच. "अरे, तू त्याला उटणं लावलंस?"

"थोडंसंच."

"पाडव्याला ओवाळणार पण होतास का?"

एवढं बोलून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं एसी बंद केला, प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. काय लावलंय, असं त्यांनी विचारलं. उटणं म्हणजे काय, हे मी इंग्रजीत समजावलं. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग सूचना आली: अंगाशी धरून ऊब द्या, तेल चाटू देऊ नका, लगेच घेऊन या.

मी त्याला शर्टाच्या आत पोटाशी धरलं. या पोटाचा कुणाला तरी पहिल्यांदाच उपयोग होत होता. पासिर रिसच्या घरून टॅक्सी निघाली तेव्हा त्याची धडधड मला लागत होती. हायवेवर ती लागेनाशी झाली.

गडबडीत उठून झोपेच्याच कपड्यांत शेजारी बसलेल्या लेकीनं माझ्या शर्टात हात घातला. "बाबा, इज ही डाइंग?"

"नाही गं." ऑफिसात बंद पडलेल्या सिस्टिमबद्दल 'होईल सुरू' म्हणतो, त्याच आवाजात मी म्हणालो. मी घरून काम करताना तो आवाज तिनं पुष्कळदा ऐकलाय. ती रडायला लागली.

आणि माझ्या पोटाला कचकन दात लागले. मी कळवळलो. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

"काय झालं?" पुढच्या सीटवरून बायको.

"चावला."

"गुड," लेक डोळे पुसत इथल्या सिंगापुरी ठेक्यात म्हणाली. "यू डिझर्व्ह, लाह."

शर्टातला हात मात्र तिनं दवाखान्याच्या दारापर्यंत बाहेर काढला नाही.