तुमचं कपाट तिकडे आहे

"स्टुलावर ठेव," ग्रंथपाल म्हणाले.

मी पुस्तक परत करायला हात पुढे केला होता. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात हे रोजचंच. इतरांची पुस्तकं ते हातात घ्यायचे. आम्हा बौद्ध पोरापोरींसाठी काउंटरच्या बाजूला लाकडी स्टूल. पुस्तक त्यावर ठेवायचं, मागे सरकायचं. मग ते फडक्याने पुसून उचलायचे. आणीबाणी येऊन गेली, सरकार बदललं. ते स्टूल जागचं हललं नाही.

मी ठेवलं. कायम ठेवतच आले होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, तोंड नव्हतं.

त्या दिवशी मला शेतमजुरांवरचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं. त्याच्यावाचून अर्थशास्त्राचा निबंध होणार नव्हता, आणि तो सोमवारी वर्गात वाचायचा होता. माझी आई सेलूजवळ दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. म्हणून हा विषय मी हट्टाने मागून घेतलेला. मी चिठ्ठी पुढे केली. आत जायची कुणालाच परवानगी नव्हती, पुस्तक ग्रंथपालच आणून द्यायचे.

त्यांनी चिठ्ठीकडे बघितलंही नाही. "नाई आहे. कोणीतरी नेलं."

माझ्यामागे आमच्या वर्गातली एक कापूस व्यापाऱ्याची मुलगी उभी होती. तिनेही तेच पुस्तक मागितलं. ग्रंथपाल उठले, आत गेले, पुस्तक आणून तिच्या हातात दिलं.

"सर, मले तर नाई म्हणाले होते!"

"तुमचं कपाट तिकडे आहे ना? सरकार फुकट देऊन राह्यलं, त्यातलं वाच. काऊन डोकं खाऊन राह्यली?"

आमचं कपाट म्हणजे मागासवर्गीयांच्या पुस्तकांचं. आत जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं आणि वाळवी. ती मुलगी खाली बघत राहिली. मला तिचा जास्त राग आला.

मी काउंटरची फळी उचलली आणि आत शिरले.

"ए पोरी! बाहेर हो!"

मी शोधत गेले. अर्थशास्त्राच्या रॅकमध्ये त्याच पुस्तकाच्या आणखी दोन प्रती. शेजारीशेजारी, धूळ खात. रडू नाही आलं, संताप आला. या माणसाने मला आजवर किती वेळा 'नाई' म्हटलं होतं, आणि मी किती वेळा निमूट परत गेले होते!

एक प्रत आणून त्यांच्यापुढे धरली. "नोंद करा सर. हातात घ्या."

"स्टुलावर ठेव."

"नाई ठेवत."

त्यांनी हात पुढे केला नाही. मी पुन्हा आत गेले, रॅकच्या मध्ये खाली फरशीवर बसले आणि वाचायला लागले. थोड्या वेळाने शिपाई आला. "प्राचार्य साहेबानं बोलावलं. नाव काढून टाकतो म्हणते."

"काढा म्हणा. उद्या होस्टेलच्या सगळ्या पोरी घेऊन येते. सगळ्या इथंच बसून वाचू."

तेव्हापासून कुणी नाही म्हटलं की मी परत फिरत नाही. आत जाऊन स्वतः बघते.