चिंचेखालचं बिंदगं

नांदेडात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. दिवा आपोआप लागला तर मला भूत नाही, लूज कनेक्शन आठवतं. असले किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केलीय. आता तुम्ही माझी करा, हक्कानं करा!

आमचं शेत शिरूर अनंतपाळकडं, मांजरेच्या काठी. बंधारा झाला आणि शेत पाण्याखाली गेलं. तेव्हापासून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, येळवस केलीच नाही. लातूरकडच्यांना येळवस सांगायला नको... बाकीच्यांसाठी सांगतो. वेळ अमावास्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतं, भज्जी-उंडे खातं आणि घरचा कर्ता "ओलगे ओलगे!" म्हणत पिकावर ताक-ज्वारीची आंबील शिंपतो, की बाकीचे "सालम पलगे!" ओरडतात. आई गेल्यावर तर अण्णा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. लई वाईट वाटायचं.

यंदा कळलं, त्याच पाण्याच्या काठी सरकारी कॅम्पिंगची जागा झालीय. मी मोबाईलवर फोटो बघून राहिलो होतो, तर अण्णा ताडकन उठून बसले.

"आरं, ही तर आपल्या बांधावरची चिंच!"

झालं! चिंचेजवळचीच जागा बुक केली. शेजारी म्हणाले, अमावास्येला नदीकाठी मुक्काम? म्हटलं, सोबत इन्व्हर्टर नेतोय, भुतांचेही मोबाईल चार्ज करून देतो.

माझा दोस्त सलीम मंडपवाला. सरकारी तंबूचा काय भरवसा म्हणून स्वतःचाच घेऊन आला. अण्णांची अट एकच – "आंबील शिंपल्याबिगर मी घास घेणार न्हाई." माझ्या बायकोनं, सुनंदानं, आदल्या दिवशीच स्टीलच्या कळशीत आंबील करून तोंडाला फडकं बांधून ठेवलं.

पोचलो. अण्णा चिंचेला हात लावून कितीतरी वेळ उभे. आम्ही बुंध्याभोवती झाडलोट केली, तंबू ठोकला, शेजारी छोटी कोप केली. मग अण्णांनी धोतर खोचलं. "आणा आंबील."

...आणि कळशीच सापडेना.

मला वाटलं सुनंदानं घेतली. तिला वाटलं सलीमनं गाडीत ठेवली. सलीमनं कान पकडले. "भाभी, पूजेची चीज, मी हात कसा लावू? सगळं भरलो, तेवढीच सोडलो!" मी इन्व्हर्टर मात्र आठवणीनं आणला होता.

आजूबाजूच्या शेतांत येळवस रंगात आलेली. म्हटलं, जरा मागून आणतो. अण्णांनी मान हलवली. "मागून आणलेली आपल्या शिवारात शिंपतेत व्हय? चला घरी." त्यांचा आवाज असा पडला, की मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सलीम तंबूची दोरी सोडायला चिंचेमागं गेला आणि ओरडलाच, "अबे, इधर आव!"

बुंध्याशी मातीचं बिंदगं – आंबिलीचं जुन्या पद्धतीचं मडकं. तोंडाला ओलं फडकं, आत काठोकाठ आंबील. आत्ता तर तिथं झाडलं होतं आम्ही! मी आणि सलीम शेजारची शेतं पालथी घालून आलो. सगळ्यांची बिंदगी जागच्या जागी.

अण्णांनी चाखून बघितली. ओवा! पोरांना आवडत नाही म्हणून सुनंदा ओवा टाकतच नाही. आई मूठभर टाकायची आणि अण्णा दर येळवशीला त्यावरून कुरकुर करायचे.

"लई ओवा झालाय," अण्णा म्हणाले आणि हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसले. मग काठावर जाऊन पाण्यात आंबील शिंपत मोठ्यानं म्हणाले, "ओलगे ओलगे!" आणि आमच्यात सगळ्यात जोरात "सालम पलगे!" कोण ओरडलं असेल? सलीम! त्या दिवशी गळ्यापर्यंत जेवलो.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. कुलूप नीट. ओट्यावर कळशी, फडक्याला सुनंदाचीच गाठ. तिनं ती सोडली आणि कळशी उलटी करून दाखवली. कळशी रिकामी – आतून कोरडी ठणठणीत. कळशीला भोक नाही, ओट्यावर डाग नाही. मी आजही विचार करतो... काही म्हणजे काही हाती लागत नाही.

परवा सुनंदा म्हणाली, पुढच्या येळवशीला कळशी मी मांडीवरच घेऊन बसते.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "विसरूनच चला. आणणारी हाय की! फक्त ओवा जरा कमी टाक म्हणावं तिला."