वीस काडतुसांचं काम

ऑर्विन स्टोर्लीच्या घरी काम असल्याशिवाय कोणी येत नसे, आणि काम असलेली माणसंही आता संपत आली होती.

पूर्वी असं नव्हतं. मोंटानातल्या त्या खोऱ्यात शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस उघडतो. सप्टेंबर लागला की ऑर्विनच्या गॅरेजपुढे पिकअप गाड्या उभ्या राहायच्या. रस्ते खात्यात बर्फ सारायचा ट्रक चालवण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली, पण खोरं त्याला ओळखायचं ते काडतुसं भरून देणारा ऑर्विन म्हणून. मागच्या वर्षीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घेऊन यायचं, पालथ्या बादलीवर बसायचं, त्याच्या बायकोच्या, युनिसच्या हातची कॉफी प्यायची, हवेपाण्याच्या गप्पा मारायच्या आणि आठवड्याने येऊन आपली वीस काडतुसं न्यायची. पैशाचं नाव काढलं तर ऑर्विन हाकलून देई. हंगाम संपल्यावर कोणी एल्क हरणाच्या मांसाचं सॉसेज आणून दिलं तर मात्र नाही म्हणत नसे.

मग युनिस गेली, त्यालाही नऊ वर्षं झाली. गिऱ्हाइकांपैकी काही तिच्या मागोमाग गेली, काही मुलांकडे गरम मुलखात राहायला गेली आणि उरलेल्यांना दुकानातली तयार काडतुसं सोयीची वाटू लागली. मागच्या साली तिघं आले होते. यंदा एकटी डार्ला आली.

डार्ला म्हणजे केनीची मुलगी. केनी आणि ऑर्विन वीस वर्षं एकाच ट्रकवर होते. केनी वारला आणि त्याची जुनी थर्टी-ओ-सिक्स रायफल डार्लाकडे आली. ती पन्नाशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दर सप्टेंबरला यायची, बादलीवर दीड तास बसायची आणि ऑर्विनच्या हातची ती कडू कॉफी तोंड वाकडं न करता प्यायची. यावरून तरी त्याला काही कळायला हवं होतं, पण काडतुसं सोडून दुसऱ्या कशाकडे नीट बघायची त्याला सवयच नव्हती.

बंदुकीच्या दारूच्या बाबतीत मात्र हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे. गॅरेजच्या भिंतीवर त्याने एक लांबलचक यादी चिकटवली होती. सगळ्यात झटपट जळणारी दारू वर, सगळ्यात सावकाश जळणारी तळाला आणि मधे शंभरावर नावं. कोणी नवखा येऊन विचारी, "जोरदार कोणती हो यातली?" की ऑर्विन पेटलाच.

"जोरदार काय विचारतोस? किती वेळात जळते ते विचार! घरात शेगडी आहे ना तुझ्या? पाइनची काटकी भुर्रकन जाते, लार्चचा ओंडका सकाळपर्यंत पुरतो. लाकूड दोन्ही. वरच्या दारवा म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पिस्तुलाला ठीक. त्या मोठ्या रायफलीच्या काडतुसात भरल्यास तर गोळी हलायच्या आत सगळा दाब मागे येईल आणि रायफल तुझ्या थोबाडावर फुटेल. मोठ्या काडतुसाला तळाकडची हवी. गोळीला ढकलत ढकलत शेवटपर्यंत नेणारी."

"मग यादीत बघायचं आणि शेजारची घ्यायची, झालं."

"झालं काय? यादी क्रम सांगते, अंतर नाही सांगत. माझ्या शेजारी हॉफर राहतो, म्हणून काय तो माझा सख्खा भाऊ झाला?"

केनीच्या रायफलीला ऑर्विनने जी सावकाश दारू वर्षानुवर्षं वापरली, ती दोन वर्षं झाली दुकानात येईनाशी झाली होती. शेवटचा डबा गेल्या साली संपला. म्हणून यंदा त्याने यादीत तिच्या जरा खालची एक निवडली. निवडली म्हणजे बोट ठेवून विकत आणली असं नव्हे. पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली. आपल्याकडच्या तशाच रायफलीतून तीन गोळ्या झाडायच्या, पुंगळ्यांच्या बुडाच्या टिकल्या भिंगाखाली बघायच्या, चपट्या झाल्यात का, रायफलीचा खटका जड उघडतोय का, त्यावरून दाब वाढल्याचं कळतं. मग माप किंचित वाढवायचं आणि पुन्हा तीन. वीस काडतुसांसाठी अख्खा ऑगस्ट घालवला. एरवी ऑगस्टमध्ये त्याला दुसरं करायचं तरी काय होतं? घर खायला उठायचं. गॅरेजमध्ये निदान वजनकाट्याची सुई हलायची.

हंगाम शनिवारी उघडला. रविवारी सकाळी स्वतःसाठी पाच-सहा काडतुसं भरावीत म्हणून ऑर्विनने तो डबा काढला. गुडघ्यापायी शिकार केव्हाच सुटली होती, पण हाताला चाळा हवा. थोडी दारू पांढऱ्या बशीत ओतली आणि हात तिथेच थांबला. काळपट लांबुडक्या दाण्यांत बारीक चपट्या चकत्या चमकत होत्या. त्या चकत्या पिस्तुलाच्या दारूच्या होत्या, यादीत अगदी वरच्या.

टेबलावर एका वेळी एकच डबा, हा त्याचा नियम. डबे पुसायला आलेला युनिसचा हातसुद्धा तो टेबलाजवळ येऊ देत नसे. मग हे झालं कसं?

खुर्चीत बसून त्याने तो दिवस आठवला. मापाच्या यंत्रात पिस्तुलाची दारू उरलेली होती आणि ती तिच्या डब्यात परत ओतायची होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. टुसॉनहून मुलीचा, मारेनचा फोन. ती महिन्यातून एकदा करते, कधी तेही विसरते. तो धावतच गेला. त्या दिवशी मारेन चाळीस मिनिटं बोलली. नवी नोकरी, कुत्रं, दातांचा डॉक्टर, काय नि काय. तो शीळ घालत गॅरेजमध्ये परतला. यंत्र उचललं, समोर दिसला त्या डब्यात रितं केलं आणि कामाला लागला. चिडचिडीत, थकव्यात आयुष्यात कधी न झालेली चूक आनंदात झाली.

डार्लाची काडतुसं त्याच दिवशीची. फोनच्या आधी भरली की नंतर? वहीत फक्त तारीख होती. त्याला आठवेना. आठवेना म्हणजे नंतरच, असं धरून चालायचं. या कामात दुसरा हिशेब नाही.

फोन करण्यात अर्थ नव्हता. डार्लाचा तंबू चाळीस मैलांवर, वर ओढ्यापाशी, तिथे कुठला सिग्नल. ऑर्विनने चाकांना साखळ्या चढवल्या आणि निघाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण बर्फातला रस्ता त्याला घरच्यासारखा. रस्त्याची भीती नव्हतीच. दर वळणावर त्याला डार्लाचा चेहरा दिसायचा, गाल रायफलीला टेकवलेला, एक डोळा मिटलेला. ट्रकमध्ये एकटाच मोठ्याने म्हणत राहिला, "नको मारूस आज. काहीच दिसू नये तुला आज."

आणखीही एक गोष्ट त्याला कळत होती आणि ती त्याने स्वतःपासून लपवली नाही. हे सांगितलं की डार्लाचं येणंही संपलं. ज्याच्या हाताचा भरवसा गेला, त्याच्याकडे काडतुसं भरायला कोण येईल? पुढच्या सप्टेंबरला ती बादली तशीच पालथी पडून राहील. मनात आलं, नाहीतरी आधीची असतील, फोनच्या आधीचीच असतील. त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की त्याने वेग वाढवला.

तंबूच्या धुराड्यातून धूर येत होता. आवाज ऐकून डार्ला हातात डाव घेऊनच बाहेर आली.

"ऑर्विन? तुम्ही इथे? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तू झाडलीस का? सांग, झाडलीस का एखादी?"

"काल एक एल्क मारला. का? अहो, काय झालं? तोंड बघा, पिठासारखं पांढरं पडलंय. आत चला आधी."

"ती काडतुसं दे माझी. सगळी. मग बोलतो."

आत शेगडीपाशी तिने त्याला खाटेवर बसवलं. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. चकत्या, यंत्र, मारेनचा फोन, शीळ घातली तेसुद्धा. "एक झाडलीस आणि वाचलीस, ते नशीब. बाकीची एकोणीस दे. आणि डार्ला, पुढच्या वर्षी दुकानातून घे. मी आता दुसऱ्या कोणासाठी भरणार नाही. केनी असता तर त्याने माझे कान उपटले असते."

डार्लाची नजर चुकवायला म्हणून ऑर्विनने इकडेतिकडे पाहिलं आणि तंबूच्या खांबाला टांगलेली रायफल त्याला दिसली. काळा प्लास्टिकचा दस्ता, बारीक नळी. केनीची रायफल अक्रोडाच्या लाकडाची. या रायफलीत ऑर्विनचं काडतूस शिरलंच नसतं.

"ही कोणाची?"

"माझी. बाबांची जड पडायला लागली हो, खांदा दुखतो माझा."

"आणि केनीची?"

"भावाचा मुलगा घेऊन गेला अलास्काला." ती डावाने उगाच रस्सा ढवळत राहिली. "चार वर्षं झाली."

ऑर्विनला हिशेब लागायला जरा वेळ लागला. ऑगस्टमध्ये तो फोनवर म्हणाला होता, रायफल घेऊन ये, तुझ्याच रायफलीत झाडून बघू. तेव्हा ती म्हणाली होती, तिच्यावरची दुर्बीण दुरुस्तीला दिली आहे.

"मग माझी काडतुसं?"

"घरी आहेत. फडताळात. ऐंशी. एकही झाडलेली नाही."

तिला काही होणारच नव्हतं. चाळीस मैल ज्या चेहऱ्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तो समोर धडधाकट होता. मग राग आला.

"अख्खा ऑगस्ट घातला मी! टिकल्या बघून बघून डोळे गेले! गंमत करतेस म्हाताऱ्याची?"

"गंमत नाही हो."

"मग यायचीस कशाला?"

"तुम्हाला भेटायला." डार्लाही आता चिडली होती. "आणि नुसती बसायला आले म्हटलं असतं तर? दारातच विचारलं असतंत, काय काम आहे? युनिस गेल्यावर एकदा डबाभर ॲपल पाय घेऊन आले होते मी, आठवतं? तुम्ही तो डबा घेतलात, धुऊन दुसऱ्या दिवशी दारात ठेवून गेलात. दारसुद्धा वाजवलं नाहीत. मग म्हटलं, यांच्याकडे जायचं तर पुंगळ्या घेऊन जायला हवं. बाबांच्या जुन्या पुंगळ्या घरात पडल्या होत्याच."

ऑर्विनला तो डबा आठवला. तिचं खरंच होतं. तो स्वतःही नऊ वर्षांत कोणाच्या घरी गेला नव्हता, कारण त्याचं कोणाकडे काम नव्हतं. शेजारच्या हॉफरच्या खिडकीतला दिवा तो रोज संध्याकाळी बघायचा आणि वळून आत जायचा. तो एकटा पडला होता, हे खरं. पण आपल्याला लोकांनी एकटं टाकलं, असं तो इतकी वर्षं धरून बसला होता, त्याची त्याला आता मनापासून शरम वाटली.

"यंदाची वीस परत आणून दे," तो शेवटी म्हणाला. "ती घरात ठेवायची नाहीत."

"मंगळवारी आणते."

"बरं."

एवढंच होतं. काम झालं होतं. त्या खोऱ्यात काम झालं की माणूस टोपी उचलतो, गुडघ्यावर थाप मारतो आणि म्हणतो, चला, निघायला हवं. ऑर्विनने टोपी हातात घेतली. डार्ला पाठमोरी होती. तिने फळीवरून दोन ताटल्या काढल्या, एक त्याच्या बाजूला ठेवली आणि वळून बघितलं नाही.

ऑर्विनने टोपी खाटेवर ठेवली.

"रश्शात मीठ आहे का?" त्याने विचारलं.